लागोस ते सॅस्कटून, सरळ रेषेत

१४ जानेवारी. सकाळी ७.
आजपासून रोजनिशी. कालच सुरू करणार होतो, पण कालचा दिवस बसमध्ये गेला. लागोस ते एनुगू, अकरा तास. परवा बायकोला, बिबियानाला, लागोसच्या विमानतळावर सोडलं.

आमच्या कोसीला मुलगा झाला. कोसी तिकडे कॅनडात नर्स आहे, गावाचं नाव सॅस्कटून. लेकीचं बाळंतपण म्हणजे आईने जायचं, बाळाला न्हाऊ घालायचं, बाळंतिणीला झणझणीत सूप पाजायचं. आमच्यात याला ओमुग्वो म्हणतात. मुदत तीन महिने. माझ्या माहितीत कोणाचीही आई चौथ्या महिन्यात राहिलेली नाही. म्हणजे १३ एप्रिल.

अंतर: ग्लोबवर दोरा धरून १०,६०० किलोमीटर. वेबसाइट म्हणते १०,७६२. ग्लोब शाळेतला आहे, आफ्रिकेकडून जरा चेपलाय. वेबसाइटचं तूर्त मान्य. विमान सरळ रेषेत गेलं तर ताशी साडेआठशेने १२ तास ४० मिनिटं. प्रत्यक्षात लागोस, फ्रँकफर्ट, टोरोंटो, सॅस्कटून असं फिरून २९ तास ४० मिनिटं. सतरा तास पाण्यात. हे मी बिबियानाला गेटपाशी नीट समजावून सांगितलं. ती रडत होती. बहुधा सतरा तासांमुळेच.

१४ जानेवारी. संध्याकाळ.
कोसीचा फोन. मम्मी सुखरूप पोचली. विचारलं, चाकं जमिनीला नक्की किती वाजता लागली? म्हणाली, डॅडी, माझ्या हातात बाळ होतं. नोंद अपुरी.

१५ जानेवारी.
बिबियानाने फ्रीझरमध्ये सूपचे अठ्ठेचाळीस डबे करून ठेवलेत. प्रत्येकावर चिठ्ठी. मला याची गरज नाही. संकल्प: स्वयंपाक शिकणे. डबे फक्त आणीबाणीसाठी.

१६ जानेवारी.
आणीबाणी.

२३ जानेवारी.
सदतीस डबे उरले. आणीबाणी चालूच. भात दोनदा केला. एकदा कच्चा, एकदा काळा. मधला एक भात असतो, तो अजून सापडला नाही. पण तेहतीस वर्षं मी सरकारी खात्यात जमिनी मोजल्यात. ज्याने अख्खे डोंगर मोजले त्याला भात काय भारी? रात्री गरी, म्हणजे कसावाचा रवा, पाण्यात भिजवून शेंगदाण्यांबरोबर खाल्ली. पौष्टिक असते.

३० जानेवारी.
नवा संकल्प. रोज पाच किलोमीटर चालायचं आणि बेरीज ठेवायची. १०,७६२ भागिले पाच म्हणजे २,१५२ दिवस. पाच वर्षं, दहा महिने आणि काही दिवस. तेवढ्यात मी सॅस्कटूनएवढं चाललेलो असेन. बिबियाना त्याआधीच येईल, पण तत्त्व महत्त्वाचं.

वरच्या मजल्यावरचे ओझोमेना मास्तर गणिताचे, रिटायर्ड. त्यांना सांगितलं. म्हणाले, सर्व्हेअर, मध्ये समुद्र आहे. गणितवाल्यांना कल्पनाशक्ती नसते.

२ फेब्रुवारी.
एकूण चाललो १४ किलोमीटर. उरले १०,७४८. गुडघा दुखतो. तात्पुरती स्थगिती.

११ फेब्रुवारी.
वेळेचा तक्ता करून भिंतीला लावला. तिथली वेळ आपल्यापेक्षा सात तास मागे. पुष्कळ देशांत उन्हाळ्याला घड्याळं पुढे करतात, सॅस्कटूनमध्ये करत नाहीत. बारा महिने सातच तास. गाव शिस्तीचं दिसतं.

आजचा फोन १४ मिनिटं. त्यातली नऊ बर्फावर. तिने विचारलं, पापा कोसी (मला लेकीच्या नावानेच हाक मारते), जेवलात का? म्हटलं, हो. ती म्हणाली, इथे इतकी थंडी आहे की पापण्या चिकटतात. विचारलं, किती अंश? तिला माहीत नव्हतं. मग मीच बघून सांगितलं, उणे एकतीस. ती गप्प झाली. माहिती नवीन असावी.

१ मार्च.
सहा दिवस लाइट नाही. जनरेटर चालू करायला गेलो, दोरी हातात आली. उरलेले नऊ डबे वितळले. दोन मास्तरांना दिले, दोन समोर ओक्पाचे वाफवलेले गोळे विकणाऱ्या मामा चिनेलोला, बाकीचे संपवायचा प्रयत्न केला. मामा चिनेलो म्हणाली, सर्व्हेअर, बायकोच्या हातचं सूप वाटताय, जपून, पुढचं कधी मिळेल सांगता येत नाही. म्हटलं, १३ एप्रिलला. ती हसली. आता सकाळी तिचा गरम ओक्पा, रात्री गरी. व्यवस्था बसली.

१९ मार्च.
फोन ९ मिनिटं. तिला परतीचं विमान कुठलं घ्यावं ते सविस्तर सांगितलं. फ्रँकफर्टला साडेआठ तास बसावं लागतं, तो वेळ कमी करता येतो. मी तीन पर्याय काढलेत. म्हणाली, बघू. तिकडे कोणीतरी हसत होतं. टीव्ही असावा. पण टीव्ही तिला बिबी म्हणत नसणार. चौकशी केली. चर्चमधल्या बायका आल्या होत्या. तिथे आपल्या लोकांचं कॉयर आहे, बुधवारी आणि शनिवारी सराव. बिबियाना गाते हे मला माहीत नव्हतं. चौतीस वर्षांत एकदाही गायली नाही. किंवा मी घरी नसताना गायली असेल.

१० एप्रिल.
घोडामैदान जवळ आलं. बैठकीची एक भिंत रंगवली. तीन भिंती राहिल्या. रंग संपला. दारातून आत येणाऱ्याला रंगवलेली भिंतच आधी दिसते, ही योजना.

१३ एप्रिल.
आली नाही. तिकीट नंतरचं असेल. मी तारीख विचारली नव्हती, कारण तारीख ठरलेलीच होती.

१९ एप्रिल. दुपार.
मोठी बातमी! सॅस्कटूनहून आलेला एक तरुण इंजिनिअर घरी येऊन बॅग देऊन गेला. जावयाने पाठवलेली. आत शर्ट, बूट, व्हिस्कीची बाटली, एक जाड कोट. ओमुग्वो पुरं झालं की जावई सासूला मानाने भेटी देऊन घरी पाठवतो, आणि सासऱ्याचा वाटा वेगळा असतो. हा तो वाटा. म्हणजे ओमुग्वो संपलं. म्हणजे ती निघाली. बॅग पुढे, माणूस मागे. सामान जास्त झालं असेल, म्हणून आधी पाठवलं.

बाटली आणि बूट बैठकीत मांडले. शर्ट घालून खाली एक चक्कर मारली. मामा चिनेलोने विचारलं, काय विशेष? सांगितलं. ती म्हणाली, दावं घरी आलं, सर्व्हेअर, शेळी कुठंय? लोक जळतात.

२० एप्रिल ते २९ एप्रिल.
रोज तयार राहिलो. कोट घालून पाहिला. आपल्याकडे तो दोन मिनिटं घालता येतो.

३० एप्रिल.
फोन ६ मिनिटं. बाळाला खोकला आहे. कोसीची रात्रपाळी सुरू झाली. बिबियाना आणखी तीन महिने राहणार. मी म्हटलं, मग माझा वाटा का पाठवला? म्हणाली, तो तुमचा मान होता, पापा कोसी, तो अडवून कसा ठेवायचा?

एकूण सहा महिने. सहा म्हणजे दोन ओमुग्वो. एक या बाळाचं, एक पुढच्या बाळाचं आगाऊ. असं बघितलं तर फायदाच. मास्तरांना हे सांगितलं. ते खाली येऊन माझ्याबरोबर जेवले. त्यांनीच भात केला. चांगला झाला होता.

८ मे.
विचार पक्का. ती येत नाही तर आपण जायचं. पुरुषाने ओमुग्वोला जायची पद्धत नाही, पण मी मोजणीसाठी जातोय असं सांगता येईल. व्हिसाचा अर्ज भरला. फोटोसाठी चारदा बसलो. फोटोवाला म्हणाला, सर्व्हेअर, थोडं जिवंत दिसा. मी नेहमीसारखाच दिसत होतो.

बिबियानाला सांगितलं नाही. अचानक दारात उभं राहायचं. कोट आहेच. कोट पाठवण्यामागे तिचा हाच इशारा असणार, आता लक्षात आलं.

२१ मे.
अर्जाला बावीस पानांची पुरवणी जोडली. त्यात प्रवासाचा नकाशा, अंतरांचा तक्ता, तीन पर्यायी मार्ग. असा अर्ज त्यांनी बापजन्मात पाहिला नसेल.

१६ जून.
नकार.

पत्र एका पानाचं. म्हणतात, अर्जदाराचे जवळचे कुटुंबीय कॅनडातच आहेत. अर्जदाराला मायदेशी परत खेचेल असं काही आढळत नाही. सबब अर्जदार परत जाईल याची खात्री वाटत नाही.

दोनदा वाचलं. वाक्यरचना बरोबर आहे. काही वाटलं नाही. हल्ली काही वाटत नाही, दाढी करतानासुद्धा. मास्तर म्हणाले, हे वयाने होतं. मग म्हणाले, वयाने नाही होत, मी उगाच म्हटलं.

बावीस पानांबद्दल पत्रात एक शब्द नाही.

९ जुलै.
फोन ३ मिनिटं. जेवलात का, असं विचारलं नाही. माझं उत्तर तयार होतं. ती आता बसने एकटी फिरते. पहिल्या दिवशी चुकून दुसऱ्या टोकाला गेली, तर ड्रायव्हरनेच परत आणून सोडलं. मी म्हटलं, नकाशा बघायचा असतो, मी तुला शंभरदा सांगितलंय. ती म्हणाली, इथे सहा महिन्यांत मला कोणी चुकलीस म्हणालं नाही. म्हटलं, कशात? म्हणाली, जाऊ दे. पालथ्या घड्यावर पाणी कोणी ओतावं?

ही शेवटची ओळ माझी की तिची, आता आठवत नाही.

१३ जुलै.
सहा महिने पूर्ण. कोसीकडून कळलं की जावयाने मम्मीचा व्हिसा पाच वर्षांचा करून घेतलाय. म्हणाली, डॅडी, म्हणजे मम्मीला कधीही येता-जाता येईल. येता आधी म्हणाली. शुभ शब्द आधी.

३० जुलै.
उरलेल्या तीन भिंती तशाच आहेत. रंगवलेली भिंत आता वेगळीच दिसते. संकल्प: सगळ्या एकसारख्या करणे. पहिलीचा रंग काढून टाकणं सोपं पडेल.

८ ऑगस्ट. सकाळी १०.
थोरली बहीण आग्नेस, आमच्या गावाहून, उमुओकाहून. फोनवर नेहमीसारखी ओरडत. म्हणाली, अरे सिप्रियन, तुझी बायको परवापासून माझ्या ओसरीवर बसून मासे निवडतेय, चांगली गुबगुबीत झालीय, आणि तू कुठे मेलास?

मी म्हटलं, मला माहीत आहे, कामात आहे.

माहीत नव्हतं.

ऑगस्ट मीटिंग. दर वर्षी गावच्या साऱ्या सुना जगात जिथे असतील तिथून गावी जमतात. पाच दिवस हॉलची दारं बंद. आत कोणाची खरडपट्टी निघते, कोणत्या घरात कोण कसं वागतं, सगळं ठरतं. पुरुषाला उंबऱ्याच्या आत पाऊल टाकता येत नाही. या वर्षी बिबियानाला सेक्रेटरी केलंय म्हणे. सेक्रेटरी आली नाही तर गाव बोलतं. नवऱ्याकडे आली नाही तर गावाला बोलायला वेळ लागतो.

नोंद. ती अबुजाला उतरली. तिथून गाडीने नाइन्थ माइलच्या तिठ्यापर्यंत आणि तिथूनच परस्पर गावाकडे. एनुगूत आलीच नाही. तिठा ते माझं घर, १४ किलोमीटर. माझं घर ते उमुओका, ३८ किलोमीटर. पन्नास मिनिटं, रस्ता बरा असेल तर.

९ ऑगस्ट.
गाडी काढली. नाइन्थ माइलपर्यंत गेलो. मागच्या चाकात हवा कमी वाटली. परत आलो. हवा ठीक होती.

११ ऑगस्ट. दुपार.
तिचाच फोन. मीटिंगची सुट्टी चालू होती, मागे बायकांचा गलका.

मी शांतपणे विचारलं, कळवलं का नाहीस? म्हणाली, कळवलं असतं तर तुम्ही विमानतळावर आला असता. म्हटलं, अर्थातच. म्हणाली, मग मला घरी यावं लागलं असतं. म्हटलं, मग? म्हणाली, पापा कोसी, घरी आले असते तर मी राहिले असते. मला माझं माहीत आहे. तुमचं ते स्वयंपाकघर बघितलं असतं, हातात झाडू घेतला असता आणि संपलं.

मी म्हटलं, स्वयंपाकघर स्वच्छ आहे. ही माहिती चुकीची होती.

म्हणाली, रविवारी समारोपाची प्रार्थना आहे, त्याला पुरुष येतात, या. बुधवारी मी जाणार.

या म्हणाली. स्वतः होऊन. म्हणजे मार्ग मोकळा आहे. रविवारी सगळ्या गावासमोर मी तिला स्पष्ट सांगणार आहे, घरी चल. वाक्य दोन शब्दांचं. आरशासमोर सहा वेळा म्हणून पाहिलं. मास्तरांनी वरून विचारलं, सर्व्हेअर, कोणाशी बोलताय? म्हटलं, तालीम. ते खाली आले आणि तिच्या जागी उभे राहिले. त्यांच्यासमोर चांगलं जमलं. ते म्हणाले, हेच एवढं बोला. दुसरं काहीही बोलू नका.

१३ ऑगस्ट. संध्याकाळ.
गेलो. ४७ मिनिटं. तीन मिनिटं वाचली.

चर्च भरलेलं. बायका एकाच कापडाच्या, निळ्या, एकसारख्या. बिबियाना कॉयरपुढे उभी. गायली. आवाज चांगला आहे. जाड, खालच्या पट्टीतला. शेजारच्या माणसाने विचारलं, ही कोणाची? म्हटलं, माझी. तो म्हणाला, नशीबवान आहात. मी मान हलवली.

नंतर आंब्याखाली खुर्च्या टाकल्या होत्या. ती ताट घेऊन आली, भरपूर वाढलेलं. समोर बसली. वजन वाढलंय, चेहरा उजळलाय, नवा चष्मा. बाळाचे फोटो दाखवले. माझ्यासारखं कपाळ आहे. ती म्हणाली, वाळलात. म्हटलं, चालतो. म्हणाली, शर्ट चांगला दिसतो तुम्हाला.

 वाक्य तयार होतं.

तेवढ्यात ती म्हणाली, परतीचा प्रवास आठवला की अंगावर काटा येतो, त्या फ्रँकफर्टला साडेआठ तास बाकड्यावर बसून कंबर धरते.

आता याचं उत्तर माझ्याकडे होतं. मार्चपासून होतं. फ्रँकफर्टहून टोरोंटोला दोन विमानं आहेत. ती घेते ते दुपारचं. सकाळचं घेतलं तर बसणं सव्वापाच तासांवर येतं. खिशातून कागद काढला. अबुजाहूनही वेळ लागोसएवढाच, म्हणजे एकूण २९ तास ४० मिनिटांचे २६ तास २५ मिनिटं होतात. ताट बाजूला सारून तिला आकृती काढून दाखवली. तिने चष्मा वर केला, नीट ऐकलं. चौतीस वर्षांत पहिल्यांदा तिने माझी आकृती शेवटपर्यंत ऐकली. तिथूनच कोसीला फोन लावला. कोसीने तिकीट बदललं.

बिबियाना म्हणाली, तुमच्यासारखं मोजायला कोणाला जमत नाही. मग कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि बसून राहिली. उठली नाही. म्हणाली, आणखी काही सांगायचंय?

म्हटलं, टोरोंटोला टर्मिनल बदलावं लागतं. पायात आरामाचे बूट घाल.

ती थोडा वेळ बसली. मग बायकांनी हाक मारली, तेव्हा गेली.

१६ ऑगस्ट.
अबुजाहून विमान वेळेवर सुटलं. इंटरनेटवर पाहिलं. आकाश स्वच्छ. वारा अनुकूल.

१८ ऑगस्ट. सकाळी ११.
कोसीचा मेसेज. मम्मी पोचली, या वेळी मुळीच दमली नाही, थँक यू डॅडी. एकूण २६ तास २० मिनिटं. माझा अंदाज २६ तास २५. एवढ्या अंतरात पाच मिनिटांची चूक. खात्यात असतो तर बढती मिळाली असती.

मास्तरांना वर जाऊन सांगितलं. त्यांनी आकडे ऐकले. मग विचारलं, आणि ते वाक्य? म्हटलं, विषय निघाला नाही. मास्तर उठून डबा भरायला लागले. भात घेऊन जा म्हणाले.

घरी येऊन दाराशी उभा राहिलो. घरी चल, असं एकदा म्हणून पाहिलं. आवाज बरा येतो, खोली रिकामी आहे म्हणून जरा घुमतो.

११.३०.
फोन लावला. तिथे पहाटेचे साडेचार. तक्ता समोरच आहे. रिंग पूर्ण वाजून बंद झाली. पुन्हा लावला. पुन्हा बंद.

झोपली असेल. लांबचा प्रवास आहे.